हवेत मोकळी, जमिनीवर जाम

१

क्रेनच्या आकड्याला नाक टांगून गाडी परत आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी हातातली कामं खाली ठेवली.

गेल्याच आठवड्यात हीच गाडी याच गॅरेजातून कशी ऐटीत बाहेर पडली होती! उंच, चौकोनी, हिरवी, टपावर घडीचा तंबू. डोंगर, वाळू, ओढे, कुठेही नेता येईल अशी. आता ती चाकांपासून खिडक्यांपर्यंत चिखलाने माखली होती, आणि तिच्या मागून चालत आलेली तिची नवी मालकीणही.

"मावशी, मला फसवलं," भाची म्हणाली. तिच्या केसांत वाळू होती आणि आवाजात रडण्याच्या जरा अलीकडचा राग होता.

मावशी म्हणजे बाई. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, पण गावाने निवृत्त होऊ न दिलेल्या. गॅरेजचा मेकॅनिकही त्यांचाच विद्यार्थी. त्याने लगबगीने जुन्या गाडीतून काढलेली एक सीट पुढे सरकवली. गॅरेजातला सोफा तो हाच.

बाई बसल्या. "आधी पाणी पी. मग पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस, आणि पदरचं घालूही नकोस."

भाची घटाघटा पाणी प्यायली. "नदीचं कोरडं पात्र वाळूचं होतं, ते मजेत ओलांडलं. पलीकडे कातळ लागला, नुसता सपाट खडक, लांबच लांब. तिथे गाडी आचके द्यायला लागली. जळका वास आला. चारी चाकांना ताकद देणारा तो छोटा लिव्हर आहे ना, तो काढायला गेले तर जागचा हलेना. मग काहीतरी कडकडलं आणि आम्ही दोघं उन्हात तिथेच. नवऱ्याला सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, तो दुधाच्या टेम्पोत बसून गेला. त्या म्हाताऱ्याने मोडकी गाडी माझ्या गळ्यात मारली, मावशी. आत्ताच मी भटक्यांच्या ग्रुपवर लिहिणार आहे. नावासकट."

ते नाव होतं तंबूकाका. दर सुट्टीत गावातल्या मुलांना रानात मुक्कामाला नेणारे, तारे आणि पावलांचे ठसे ओळखायला शिकवणारे. त्यांच्या एका शब्दावर लोक पोटची पोरं जंगलात पाठवत. आता नजर अधू झाली म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली होती, पण शिबिरं चालूच होती. तोच शब्द खोटा ठरला, तर पुढच्या सुट्टीत त्यांच्याकडे कोण पोर पाठवणार?

"संध्याकाळपर्यंत थांबशील?" बाईंनी विचारलं.

"तुला त्यांचा एवढा पुळका का?"

"पुळका नाही. मला उत्तर हवंय. तू लिहिलेलं तुला पुसता येईल. लोकांनी वाचलेलं कसं पुसशील?"

भाचीने हातातला फोन उपडा ठेवला. ते 'हो' आहे असं बाईंनी धरलं.

तेवढ्यात गाडीखालून सरपटत बाहेर आलेला मेकॅनिक कान खाजवत उभा राहिला. "बाई, एक भलतंच झालंय. खाली ठेवून गाडी जरा पुढेमागे घेतली तर लिव्हर पक्का जाम. म्हणून जॅकवर चढवली. चाकं जमिनीवरून सुटली मात्र, आणि लिव्हर लोण्यातून सुरी जावी तसा निघाला! पुन्हा खाली ठेवली, हाताने चारी चाकं जोडली, रस्त्यावर फिरवली. पुन्हा जाम."

"म्हणजे हवेत बरी आणि जमिनीवर आजारी?"

"असला रोग मी तरी पाहिला नाही."

२

बाईंनी घाई केली नाही. वर्गात ज्याचं उत्तर चुकलं त्याला त्या कधी खाली बसवत नसत. "कसं काढलंस ते सांग," म्हणत. माणूस कसं काढलं ते सांगू लागला की चूक आपण होऊन बाहेर येते, असा त्यांचा अनुभव.

"ही गाडी आपण का निवडली, सांग बरं," त्या भाचीला म्हणाल्या.

"तू होतीसच की."

"तरी सांग."

भाचीने बोटांवर मोजत आठवलं. "पहिल्या गाडीच्या गालिच्याखाली ओलसर कुबट वास होता, तू म्हणालीस ही पुरात बुडालेली. दुसरीच्या खालच्या सांगाड्याला जोड दिलेला होता. तिसरीचा मालक गाडीखाली वाकूनच बघू देईना. आणि तंबूकाकांनी आपण न विचारताच सगळ्या खोडी सांगितल्या. डावी काच अर्धीच उतरते, थंडीत पहिल्या किल्लीला रुसते, हॉर्न वळताना कधीकधी आपोआप वाजतो..."

"ज्याला फसवायचंय तो हॉर्नची खोड सांगतो?"

"लहान सांगून मोठी लपवली असेल."

हे मात्र बिनचूक होतं. बाईंनी मान डोलावली. भाचीच्या डोक्याचा त्यांना अभिमान होता, राग आलेला असतानासुद्धा.

"तू तपासलीस तेव्हा?" त्यांनी मेकॅनिककडे मोर्चा वळवला.

"ठणठणीत होती. चारी चाकं जोडून समोरच्या डांबरी रस्त्यावर जरा नेली, परत आणली, लिव्हर सहज निघाला. गिअरच्या पेटीतलं तेल काढून पाहिलं, स्वच्छ. नवं भरलं, नट आवळला. बाई, मी खोटं बोलत असेन तर..."

"शपथा नकोत. मग गाडी कुठे कुठे होती?"

"एक दिवस काकांच्या घरी. मग आमच्या अंगणात," भाची म्हणाली. "अंगणात कोण हात लावणार? मी सामान बांधत होते. मोठे दीर आले होते, त्यांनी मागचे दोन झिजलेले टायर बदलून नवे घालून दिले. बस्स. ज्यांनी 'भंगार घेताय, पस्तावाल' म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच! मला तर भरूनच आलं."

"दिरांनी अंगणात गाडीची पेटी उघडली?"

"छे! त्यांना बॉनेट उघडताना खटका सापडत नाही."

बाई काही विचारणार एवढ्यात दारात काठी वाजली. तंबूकाका आले होते. कोणी निरोप धाडला नव्हता, पण क्रेन गावातून मिरवत आली होती. त्यांनी गाडीच्या चिखलावरून तळवा फिरवला आणि न वळताच म्हणाले,

"पोरी, तू म्हणतेस ते खरं आहे. मी तुला फसवलं."

३

भाचीने मावशीकडे पाहिलं. पाहा, मी म्हणत नव्हते? असं ते पाहणं होतं.

बाईंनी सीटवर जरा सरकून जागा केली. "बसा. कसं फसवलंत?"

"पेटीतले दाते झिजले होते. आवाज येऊ नये म्हणून जाड तेल भरलं."

"कधी?"

"हिच्या मेकॅनिकने तपासून दिल्यावर. घरी."

"तुम्ही स्वतः? खाली झोपून?"

"मग काय! अजून एवढा मोडलो नाही मी." काकांनी छाती काढली, पण काठी सोडली नाही.

बाईंनी मेकॅनिकला बोलावून हळूच विचारलं, "तेलाचा नट आवळल्यावर तू काही खूण करतोस का?"

"करतो ना. नट आणि पेटी दोन्हीवरून रंगाची एक पिवळी रेघ ओढतो. नट कोणी जरा जरी फिरवला तर रेघ तुटते. मग गिऱ्हाईक 'तुझ्यानंतर कोणी उघडलंच नाही' म्हणून माझ्याशी भांडायला आलं, की त्याला खाली वाकवून दाखवतो."

"मला वाकव."

गॅरेजात एकच धांदल उडाली. कुणी पोतं अंथरलं, कुणी दिवा धरला. बाई पदर खोचून पोत्यावर आडव्या झाल्या आणि खाली सरकल्या. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. भाचीला रागातही हसू आलं. "मावशी, अडकलीस तर जॅकवर चढवू हं!"

आतून आवाज आला, "रेघ अख्खी आहे."

मग मेकॅनिकने सगळ्यांसमोर रेघ तोडून नट सोडला. तेल पातळ होतं, त्यानेच भरलेलं. वरचं झाकण काढून त्याने दात्यांवरून बोट फिरवलं. "टोकं शाबूत आहेत. एखादा ओरखडा आहे, तो कालच्या आचक्यांचा. झिजले वगैरे काही नाहीत."

बाई साडीवरची धूळ झटकत काकांसमोर बसल्या. त्यांचा आवाज चिडका नव्हता. गणिताचं उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून उचलणाऱ्या मुलाशी बोलावं तसा होता.

"काका, न केलेल्या गुन्ह्याची पायरी न् पायरी सांगितलीत, आणि प्रत्येक चुकली. जाड तेल नाही, झिजलेले दाते नाहीत. गाडीला झालंय काय, हे तुम्हाला माहीतच नाही."

काका काठीने जमीन टोकरू लागले.

"मग तुम्ही वाचवताय कोणाला?"

म्हातारा उठला आणि काठी टेकत निघून गेला.

४

"मुलाला," भाची पुटपुटली. "त्यांच्याशिवाय घरी तो एकटाच आहे."

तंबूकाकांचा मुलगा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिबिरांच्या तंबूंना ठिगळं लावत बसला होता. दोघींना पाहून त्याने सुई कापडात खोचून ठेवली.

"गाडीबद्दल आलात. बाबा सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. काय झालंय ते तरी सांगा."

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "गाडी द्यायच्या आदल्या दिवशी ती इथेच होती. संध्याकाळी तू ती बाहेर नेलीस?"

त्याचे कान लाल झाले. "नेली."

"गाडी विकण्यावरून तुमचं वाजलं होतं?"

"चांगलंच वाजलं होतं. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नसेल तर मी चालवतो, शिबिरांना मी नेतो. ते म्हणाले, तू? तुझ्या भरवशावर लोकांची पोरं? मग मी पण बोललो. बोलायला नको होतं ते."

"मग रागाने गाडी दगडांवर घातलीस?" भाचीने थेट विचारलं.

"वेड्या आहात का?" तो उसळला, मग खाली बसला. "टेकडीच्या कच्च्या रस्त्याने नेली. लहानपणी आम्ही पहिला तंबू लावला होता ना, त्या माळावर. चारी चाकं जोडली, चढ चढलो, वर बसलो, उतरलो. लिव्हर दोनदा टाकला, दोनदा काढला. काही अडलं नाही. येताना चिखल लागला म्हणून धुऊनसुद्धा ठेवली. निरोप घ्यायला गेलो होतो, बाई. गाडीचा. आता हसा."

कोणी हसलं नाही.

"बाबांना सांगितलंस कुठे गेला होतास?"

"त्यांनी विचारलं नाही."

बाई फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. भाची त्यांच्या पाठीवर आदळता आदळता राहिली.

"तो खोटंही बोलत असेल," भाची म्हणाली. आता मात्र तिच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"असेल. पण गाडी खोटं बोलत नाही. चल, पाय उचल. उत्तर आपल्या हातात कधीच आलंय. आपण ते भलत्याच ठिकाणी शोधत होतो."

५

आता इथे आपणही बाईंबरोबर जरा थांबू. जे त्यांना माहीत झालं ते सगळं आपल्यालाही माहीत आहे.

गाडी वर उचलली की लिव्हर सुटतो. दोष पेटीत असता तर तो हवेतही पेटीतच राहिला असता. ज्याअर्थी जमिनीवरून सुटताच दोष जातो, त्याअर्थी तो चाक आणि जमीन यांच्यात कुठेतरी आहे. वाळूत गाडी सुखाने चालली, कातळावर अडली. वाळूत चाक घसरू शकतं, कातळावर नाही. आणि तपासणीच्या दिवशी तीच गाडी टणक डांबरावरही सुरळीत होती. म्हणजे तपासणीनंतर गाडीत असं काहीतरी बदललं, जे जमिनीला टेकतं.

"टायर," भाची म्हणाली आणि रस्त्यातच उभी राहिली. "अगं, पण ते तर नवे होते! नव्याने कशी मोडेल गाडी?"

"दिरांना गॅरेजात बोलाव. नुसतं ये म्हण. आरोपाचा सूर नको."

दीर आले ते हाताची घडी घालूनच. "मी आधीच सांगितलं होतं, भंगार आहे. माझं ऐकतं कोण?"

"आज सगळं ऐकणार आहोत," बाई म्हणाल्या. "दादा, टायर मागचेच का बदललेत?"

"पुढचे बरे होते. मागचे गुळगुळीत झाले होते, आणि सामानाचा भार मागेच येणार. त्यात मागितले त्याहून थोडे उंच मिळाले. म्हटलं, झकास! जंगलात पोट घासणार नाही. चांगलंच केलं ना?"

"मनाने चांगलंच केलंत." बाईंनी मेकॅनिककडे हात केला. "खडू आहे?"

पत्र्यावर माप आखायचा खडू होता. बाईंनी पुढच्या आणि मागच्या, एकाच बाजूच्या दोन्ही टायरांवर अगदी खाली, जमिनीला टेकलेल्या जागी एकेक जाड रेघ मारली. गाडी पुन्हा जॅकवर चढवून लिव्हर काढलेलाच होता, चाकं एकमेकांपासून मोकळी होती.

"आता सगळ्यांनी मागून ढकला. हळू आणि सरळ. दादा, तुम्ही नका ढकलू. तुम्ही फक्त रेघांकडे बघा."

गाडी सरकू लागली. रेघा वर गेल्या, माथ्यावरून वळल्या, खाली आल्या. पुढची रेघ जमिनीला टेकली तेव्हा मागची जराशी वरच होती. पुढच्या फेरीला ती आणखी मागे पडली. गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत पुढची रेघ खाली आणि मागची पार बाजूला, जणू त्यांची कधी ओळखच नव्हती.

"मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तेवढ्याच रस्त्याला त्याला कमी फेऱ्या लागतात. चाकं मोकळी असतील तर बिघडत नाही, ज्याची त्याची चाल. पण लिव्हर टाकला की पुढची नि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. तीन पायांची शर्यत आठवा. बापाचा आणि लेकीचा पाय एकत्र बांधला. वाळूत चालले तर कुणाचा तरी पाय घसरतो नि जमून जातं. फरशीवर दोघंही आपापलं पाऊल सोडत नाहीत. मग पायाला बांधलेला रुमाल आवळत जातो, आवळत जातो. गाडीतली पेटी म्हणजे तो रुमाल."

"आणि उचललं की पाय हवेत, रुमाल सैल!" मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "मी पेटीच बघत बसलो. टायरवर डोळा गेलाच नाही. चिखलाने सगळे सारखेच दिसत होते, बाई."

"मी तर तपासायच्या यादीतच धरले नाहीत," भाची म्हणाली. "भेट होती ना ती. वाईट कोणी केलं हेच आपण शोधत होतो."

दादांच्या हाताची घडी केव्हाच सुटली होती. त्यांना काहीतरी तडक उत्तर द्यायचं होतं, ते ओठांपर्यंत आलंही. मग ते गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"तुम्ही दोघं उन्हात कातळावर अडकलात," ते भाचीला म्हणाले, "ते माझ्यामुळे?"

"दादा, कातळावर लिव्हर काढायला हवा होता, तो मीही काढला नाही. सुरक्षित वाटतं म्हणून तसाच ठेवला."

"जुने टायर माझ्याकडेच आहेत. मी काही फेकत नाही, तुला ठाऊकच आहे." आणि ते निघालेसुद्धा, जवळजवळ धावतच.

६

ऊन कलायच्या आत जुने टायर चढले. भाचीने फोन खिशात घातला आणि जाऊन तंबूकाकांना हाताला धरून घेऊन आली. वाटेत ती त्यांना काय म्हणाली ते कोणी ऐकलं नाही, पण गॅरेजात येऊन ती सगळ्यांदेखत पुन्हा बोलली. "मी तुम्हाला चोर ठरवलं होतं. इथेच उभी राहून. चुकले."

"अगं, मीच कबूल झालो होतो. तुझा काय दोष?" काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मुलगा दारातून आत आला. दादांच्या टेम्पोतून टायर उतरवायला तोच लागला होता, आणि कबुलीची गोष्ट त्याला तिथेच कळली होती.

"बाबा, तुम्ही कोणासाठी कबूल झालात?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्हाला वाटलं, मी मोडली."

"तू रागात होतास. रात्री चोरून गाडी धुतलीस. म्हटलं, पोराचं नाव खराब होण्यापेक्षा..."

"विचारायचं होतं मला."

"तू हो म्हणाला असतास तर?"

"आणि नाही म्हणालो असतो तर?"

काकांनी चष्मा पुन्हा काढला. बाईंनी दिवसभरात एक कोडं सोडवलं होतं, पण हे कोडं खडूने सुटणारं नव्हतं, एवढं त्यांना कळत होतं. काहीतरी बोलून प्रसंग सावरावा असं मेकॅनिकला वाटलं. बाईंनी नजरेनेच त्याला थांबवलं.

मग त्या भाचीकडे वळल्या. "गाडी तुझी. तूच सांग, टणक रस्त्यावर चाचणी कोणी घ्यावी?"

भाची क्षणभर गोंधळली. मग तिने किल्ली काकांच्या मुलापुढे धरली. "याने. ही गाडी याच्याइतकी कुणाला कळते? आणि काका शेजारी बसतील. आचका बसला तर त्यांना आधी कळेल."

मुलगा जागचा हलला नाही. काकांनी काठीने चाचपत दार शोधलं, उघडलं, आणि स्वतःच चढून बसले. ड्रायव्हरच्या नव्हे, त्याच्या शेजारच्या सीटवर. आतून म्हणाले, "चल की. मला काही दिसत नाही. रस्ता तूच बघायचास."

गाडी पहिल्या किल्लीला रुसली, दुसरीला सुरू झाली. सगळे रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मुलाने लिव्हर टाकला आणि टणक डांबरावरून सरळ, हळू निघाला. बाई कान देऊन ऐकत होत्या. आचका नाही. कडकड नाही. रस्त्याच्या मध्यावर लिव्हर निघाल्याचा एक हलका खट्ट आवाज आला.

"सुटला!" मेकॅनिक ओरडला.

ठरल्याप्रमाणे गाडी वळणावरून फिरून परत यायची होती. ती वळणावरून पलीकडे गेली, आणि आलीच नाही. दादांनी मान उंचावून पाहिलं. भाची दोन पावलं पुढे गेली. वळणापलीकडे झाडांच्या आड गाडीचा हिरवा टप तेवढा दिसत होता, उभा. इंजिन बंद होतं.

"बाई," मेकॅनिक काळजीने म्हणाला, "पुन्हा बंद पडली की काय? जाऊन बघू?"

"नको," बाई म्हणाल्या. "बोलतायत. येऊ दे सावकाश."

आणि त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर, जरा जास्त वेळ लागेल अशा बेताने, ऐसपैस बसल्या.